जर्मन राम, कोल्हापुरी मासा

आमच्या नातवाला मासे पाहायला आवडतात आणि मला चिठ्ठ्या वाचायला. त्यामुळे शोभेच्या माशांच्या दुकानात आम्हा दोघांचाही वेळ बरा जातो. तो काचेला नाक लावून उभा राहतो आणि मी काचेवर डकवलेल्या चिठ्ठ्या वाचत फिरतो. सारी नोकरी बँकेत, लेजरे आणि पासबुके वाचण्यात गेली. कुठे चार अक्षरे लिहिलेली दिसली की ती वाचून, शक्य तर ताडून पाहिल्याशिवाय पाय पुढे निघत नाही.

अशाच एका संध्याकाळी एका टाकीवर चिठ्ठी दिसली : 'जर्मन राम, जोडी ४००'. आत दोन-दोन इंचांचे चार मासे. अंग पिवळसर, त्यावर निळ्या टिकल्यांची खडी काढलेली, पाठीवरच्या पराची पुढची टोके काळीभोर, आणि लाल डोळ्यातून थेट खाली उतरणारी एक काळी रेघ. नातवाने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि दुकानदाराला विचारले, "काका, राम हाय तर मग लक्ष्मण कुठाय?"

दुकानदारही अस्सल कोल्हापूरचाच. "त्यो बघ की पलीकडच्या टाकीत. बोलिव्हियन राम. रंगानं साधा, अंगानं थोराड, पर लई काटक."

धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा थोराड निघाला खरा. पण उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. हे दोन मासे सख्खे नसले तरी एकाच घराण्यातले आहेत. या घराण्याचे नाव सिक्लिड, आणि त्यातल्या दोन-तीन इंचांच्या पुढे सहसा न वाढणाऱ्या मंडळींना शौकीन लोक 'ड्वार्फ सिक्लिड', म्हणजे बुटके सिक्लिड, म्हणतात. घरी आलो तरी ते 'जर्मन' आणि तो 'राम' डोक्यातून जाईनात. मग पुस्तके काढली, जाणकारांना विचारले, आणि एका चिठ्ठीच्या पाठीमागे केवढे मोठे खाते उघडलेले आहे ते दिसू लागले.

राम हे नाव रामायणातून आलेले नाही आणि इंग्रजीतल्या मेंढ्यावरूनही आलेले नाही. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांत ओरिनोको नदीच्या खोऱ्यात मैलोगणती गवताळ माळ आहे. त्या माळावरच्या उबदार, संथ पाण्यात हा मासा राहतो. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो पकडून बाहेर आणणाऱ्यांत १९४०च्या दशकाच्या शेवटी दोन माणसे होती : हर्मन ब्लास आणि मॅन्युएल रामिरेझ. १९४८ साली मायर्स आणि हॅरी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी या माशाचे रीतसर वर्णन केले आणि त्याला नाव दिले 'रामिरेझी'. ब्लासचे नाव मागे पडले. रामिरेझीचे पुढे लाडाने झाले 'रॅम', आणि आपल्याकडे येईपर्यंत झाला राम. म्हणजे आपण ज्याला रामनाम समजतो ते एका मासे-व्यापाऱ्याचे आडनाव आहे.

बरे, शास्त्रीय नाव तरी एका जागी टिकावे! आधी त्याला अपिस्टोग्रामा या कुळात घातले. मग ते चुकले असे ठरून मायक्रोजिओफॅगस हे नाव पुढे आले, त्याचा अर्थ 'माती उकरून खाणारा छोटा'. मग कोणी पापिलिओक्रोमिस म्हणाले, कारण फुलपाखरासारखा दिसतो. मग पुन्हा मायक्रोजिओफॅगस, पण त्यातल्या 'क'साठी रोमन लिपीतले कोणते अक्षर घालायचे यावर वाद. खातेदार तोच, सही तीच, पण दर तपासणीला खाते नव्या लेजरात, असा प्रकार. या सगळ्या धामधुमीत बाजार शांत होता. बाजाराने 'राम' धरला होता आणि त्यानेच व्यवहार चालू ठेवला.

आता उरला 'जर्मन'. या माशाचा जर्मनीशी जन्माचा काही संबंध नाही. पण टाकीत मासे वाढवणे हा छंद जर्मनीत फार जुना आणि फार शिस्तीचा. तिथल्या शौकिनांनी रामाच्या पिढ्या निगुतीने वाढवल्या, रंग राखले, आणि 'जर्मन' म्हणजे चांगल्या घरचा, अशी पत बाजारात तयार झाली. पुढे सिंगापूर आणि आग्नेय आशियातल्या इतर देशांतल्या मत्स्यशेतांवर हे मासे हजारांनी निपजू लागले. पत तेवढी जर्मनीची राहिली. आज 'जर्मन ब्लू राम' या शब्दांचा अर्थ इतकाच, की मासा नेहमीच्या रंगाचा आहे आणि टाकीत जन्मलेला आहे. त्याच्या आज्याने-पणज्याने जर्मनी पाहिली असेलच असे नाही.

यावर आपण कोल्हापूरकरांनी हसू नये. दिल्लीपासून दुबईपर्यंतच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची एक लालभडक भाजी मिळते. आमच्या घरात चार पिढ्यांत ती कोणी रांधलेली नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या नावाखाली कोणीही कसलाही गूळ विकू नये म्हणून. चपलेलाही मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले. आणि २०२५च्या जूनमध्ये उलटीच गंमत झाली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत हुबेहूब आपली चप्पल दिसली, पण नाव कुठेच नव्हते. इथे गलका झाला तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. भाजीत नाव आहे आणि माल नाही. तिथे माल होता आणि नाव नव्हते. या दोन्ही तऱ्हा माशांच्या धंद्यातही आहेत. दुसरीकडे मी शेवटी येतो.

पहिलीची बहार पाहायची तर रंगांची नावे पाहावीत. पिवळाधमक राम 'गोल्ड'. सबंध अंग निळीच्या पाण्यातून काढल्यासारखे चकाकते तो 'इलेक्ट्रिक ब्लू'; हा २००९च्या सुमारास बाजारात आला, आणि तो आपोआप उपजलेला रंग की दुसऱ्या जातीशी घडवून आणलेला संकर, यावर शौकिनांत अजून जुंपते. काकातुआसारखा तुरा असलेली एक जात आहे, अपिस्टोग्रामा काकातुऑइडिस. पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या पाण्यातली. तिच्यात 'डबल रेड' म्हणजे शेपटीवर आणि पाठीच्या परावर लाल. 'ट्रिपल रेड' म्हणजे पोटाखालच्या परावरही लाल. शिवाय 'सुपर रेड', 'ऑरेंज फ्लॅश' अशी भावंडे. साडीच्या दुकानात काठ-पदर-बुट्टी सांगतात तसेच हे. यातली गिनती निदान प्रामाणिक आहे, मोजून घेता येते. 'सुपर'चे माप मात्र विकणाऱ्याच्या मनात असते.

हे रंग कोणी ब्रशने चढवत नाही. शेतकरी ज्वारीच्या खळ्यावर चांगली भरलेली कणसे बियाण्यासाठी बाजूला ठेवतो, तीच ही रीत. रानातल्या एखाद्या काकातुआ नराच्या शेपटीवर लाल ठिपका असतो. तो नर निवडायचा, त्याच्या पिलांतून जास्त लाल असलेली निवडायची, पुन्हा त्यांच्या पिलांतून. दहा-पंधरा पिढ्यांनी शेपूट पेटते. पण हे एकदा करून मोकळे होता येत नाही. निवड थांबली की रंग ओसरू लागतो. म्हणून खऱ्या 'ट्रिपल रेड'च्या किमतीत कोणाच्या तरी वर्षांची चिकाटी असते, आणि तिची किंमत द्यायला माझी ना नाही.

ना आहे ती दुसऱ्याच गोष्टीला. 'बलून राम' म्हणून एक प्रकार मिळतो. टुमटुमीत, लाडूसारखा. मुलांना फार आवडतो. त्याचा मणका आखूड आहे, मणी एकमेकांत दाबले गेले आहेत, म्हणून तो गोल दिसतो. माणसाच्या मुलात असे काही दिसले तर आपण डॉक्टरकडे धावू. माशात दिसले तर त्याला 'फुगा' असे गोजिरवाणे नाव देऊन दोन पैसे जास्त घेतो. त्याला पोहताना पाहिले तर कळते. तो पोहत नाही, ढकलत जातो. रंग लवकर यावेत म्हणून पिलांना नराचे संप्रेरक खाऊ घालण्याचा उद्योगही या धंद्यात होतो. तसे मासे दुकानात झळाळतात आणि घरी पिले देत नाहीत. चिठ्ठीवर यातले काही नसते.

मी काकातुआची एक जोडी पाळली होती. नर तीन इंचांचा, पाच-सहा टोकांचा तुरा मिरवणारा. मादी त्याच्या निम्मी, राखाडी, कोणी विकत घेताना जिच्याकडे बघत नाही अशी. टाकीत नारळाची करवंटी उपडी घालून तिला एका बाजूने बोट जाईल एवढे भोक पाडून ठेवले होते. एक दिवस ती मादी हळदीसारखी पिवळी झाली, अंगावर काळ्या खुणा उमटल्या आणि करवंटीच्या दारात येऊन बसली. अंडी आत, छताला चिकटवलेली. त्या दिवसापासून नराची सारी ऐट गेली. एवढासा तिचा जीव, पण त्याला टाकीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले. आठवड्याभराने ती पिले घेऊन बाहेर पडली. खसखशीएवढी पिले, पन्नासेक तरी असतील. ती पुढे, पिलांचा ढग मागे. मी काचेजवळ गेलो की ती अंग झटकन हलवायची, आणि सगळा ढग एकदम वाळूवर बसून नाहीसा व्हायचा. पुन्हा हलवले की पुन्हा उठायचा. आमची सौभाग्यवती मासे-बिसे यात कधी लक्ष घालत नाही, पण त्या आठवड्यात ती पोळ्या लाटायच्या ठेवून टाकीसमोर उभी राहायची. "पोरं सांभाळणं हिच्याकडनं शिकावं," म्हणाली. मला वाटले, टोमणा असावा.

याच कुळाविषयी एक मजेशीर गोष्ट जर्मन संशोधकांनी १९९६ साली दाखवली. अपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींत पिले नर होणार की मादी हे सुरुवातीच्या दिवसांतल्या पाण्याच्या तापमानावर बरेच ठरते. पाणी गरम असेल तर नर जास्त. आपल्या मे महिन्यात टाकीत नरांचीच भरती व्हायची. बाजाराला ते चालतेच. रंग नराला, भाव नराला.

आता शेतांवर काय होते? अंडी आईबापांनी खाऊ नयेत म्हणून ती काढून वेगळ्या भांड्यात उबवतात. पिढ्यान् पिढ्या असेच. जाणकार सांगतात की त्यामुळे बाजारातले बरेच राम अंडी घातली की स्वतःच खाऊन टाकतात. पिलांना वाढवणे ज्यांना जमते त्यांची निवड करायची सोयच त्या व्यवहारात ठेवलेली नाही. निवड होते ती रंगाची. निळा अधिक निळा होत जातो आणि त्या निळ्याच्या आत आईबाप होण्याची जी विद्या होती ती मात्र गळून जाते.

'इलेक्ट्रिक ब्लू'चा मोह मलाही आवरला नाही. नातवाच्या वाढदिवसाला एक जोडी आणली. पाणी उबदार, गाळणी धुतलेली, सगळे जागच्या जागी. पाचव्या दिवशी एक गेला, नवव्या दिवशी दुसरा. नातू रडला नाही. त्याने विचारले, "आबा, ह्याचं खरं नाव काय होतं?" चिठ्ठीवर जे होते तेच मी सांगितले. मग जाणवले की त्या नावात, तो कुठे जन्मला, कोणत्या पाण्यात वाढला, किती हातांतून आला, यातले एक अक्षरही नाही.

दुकानदारावर मी रागावलो नाही. तोही डबा उघडूनच पाहतो. कोलकत्याहून नाहीतर मुंबईहून माल येतो, सोबत यादी येते, यादीत नाव आणि नग. बँकेत सोनेतारणाचे कर्ज देताना आमच्याकडे एक सराफ मूल्यांकनाला बसायचे. दागिना घेऊन येणारा कितीही मोठ्या पेढीचे नाव सांगो, ते आधी कसोटीवर घासायचे आणि मग चष्म्यावरून माणसाकडे बघायचे. सोन्याला आता हॉलमार्कही आला. माशाला कसोटी नाही. त्याची कसोटी घेणारा एकच, गिऱ्हाईकाच्या घरचे पाणी, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

असे नाही की शौकिनांना हे उमगले नाही. ज्यांनी 'जर्मन' ही पत कमावली त्याच जर्मनांनी एक चांगली वहिवाट पाडली. एका जर्मन मासिकाने १९८८पासून नव्याने सापडणाऱ्या, अजून नाव न मिळालेल्या कॅटफिशना सरळ क्रमांक द्यायला सुरुवात केली. नाव मागाहून शास्त्रज्ञ देतील, तोवर क्रमांकावरून तरी मासा ओळखता यावा. अपिस्टोग्रामाच्या नोंदीही पुढे अशाच क्रमांकांनी होऊ लागल्या. शिवाय चांगला पाळणारा जातीच्या नावापुढे नदीचे किंवा गावाचे नाव लावतो, आणि एका नदीचा नर दुसऱ्या नदीच्या मादीला देत नाही. आपल्याकडे चपलेला 'कापशी' म्हणतात ना, गावाच्या नावावरून? जाणत्या माणसाला त्या एका शब्दात घडण कळते. तसेच हे.

पण गावाचे नावही फसवते. पश्चिम आफ्रिकेतला एक देखणा बुटका सिक्लिड जगभर 'क्रिबेन्सिस' म्हणून विकला जातो. नाव कॅमेरूनच्या किनाऱ्यावरच्या क्रिबी गावावरून. पूर्वी कधीतरी ओळखण्यात घोटाळा झाला आणि भलत्याच जातीचे नाव याला चिकटले. या माशाचे खरे नाव 'पुल्चर', म्हणजे सुंदर, आणि तो मुख्यतः नायजेरियाचा. शास्त्राने चूक केव्हाच दुरुस्त केली. बाजाराने केली नाही, आणि आता करणारही नाही.

हे सगळे परक्यांचे झाले. सिक्लिड घराणे आपल्याला तितके परके नाही. उजनीच्या काठावर जी 'चिलापी' कढईत पडते ती सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली, तेव्हा नाव तिलापिया होते. आपल्या लोकांनी त्याचे चिलापी केले आणि ते आता इतके घरचे झाले आहे की कोणाला आफ्रिका आठवत नाही. गोव्यात मसाला भरून तव्यावर टाकतात ते 'कालुंदर', केरळातली करीमीन, हीसुद्धा सिक्लिड, आणि ही मात्र अस्सल इथलीच. भारतात या घराण्याच्या मूळच्या जाती तीनच. त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत मादागास्करमध्ये, मधे अख्खा समुद्र. या तिघींतली एक इवलीशी आहे, तीनेक इंचांची, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत राहणारी. इंग्रजीत 'ऑरेंज क्रोमाइड'. तिची पिले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टोचून खातात, जवळजवळ दूध पितात म्हणा ना. परदेशी टाक्यांत तिचीही अंगावरच्या खुणा पुसलेली, नुसतीच केशरी अशी सोनेरी पैदास झाली आणि ती विकली जाते.

आणि आता ती दुसरी तऱ्हा, माल आहे आणि नाव नाही ती.

१९२० साली बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या एका माशाचे वर्णन केले : बोटिया स्ट्रायाटा. सिक्लिड नव्हे, लोच कुळातला. बोटाएवढा, तोंडाशी मिशा, आणि अंगभर पिवळ्या-तपकिरी तिरप्या पट्ट्या, जणू इरकलीची काठाकाठाने विणलेली चिंधी. सह्याद्रीच्या नद्यांखेरीज हा जगात कुठे नाही. १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोल्हापूरच्या माशांवर एक लेख आला. त्यात दोघा अभ्यासकांनी इथल्या पाण्यातल्या या माशाचा पट्ट्यांवरून एक वेगळा प्रकार मानला आणि त्याला नाव दिले 'कोल्हापुरेन्सिस'. पुढे तो वेगळा नाही, मूळ जातीतच मोडतो, असे ठरले आणि नाव मिटले. पण काही काळ तरी शास्त्राच्या वहीत एका माशाच्या नावापुढे आपले गाव होते. मी इथे जन्मलो, वाढलो, निवृत्त झालो, आणि मला हे साठीनंतर कळले.

हा मासा आता जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे. वाळूचा उपसा, मैला, आटणाऱ्या नद्या, हे सगळे आहेच. शिवाय व्यापार आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या शोभेच्या माशांचा हिशेब राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडला. २००५ ते २०१२ या काळात तीस संकटग्रस्त जातींचे किमान पंधरा लाख मासे निर्यात झाले होते, आणि त्यात मोठा वाटा ज्या तीन प्रकारांचा होता त्यांत एक हा बोटिया. टाकीत पैदास करून नव्हे, नद्यांतून उचलून. परदेशात तो 'झेब्रा लोच' म्हणून जातो, कुठे 'कँडी-स्ट्राइप'. झेब्रा आफ्रिकेचा आणि कँडी विलायतेची. ज्या नदीतून तो आला तिचे नाव कुठल्या पावतीवर नसते.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो. रामांच्या टाकीखाली, पायाशी, एका लहान टाकीत दगडाच्या सांदीत पाच-सहा पट्टेरी मासे दाटीवाटीने बसले होते. चिठ्ठी होती : 'झेब्रा, इम्पोर्टेड'.

"हे कुठून येतात हो?" मी विचारले.

"कलकत्त्याच्या डब्यातनं, साहेब. बाहेरचाच माल असणार. का, देऊ चार?"

मी नातवाला खाली बसवले आणि म्हटले, "हे पंचगंगेतले." दुकानदार हसला; म्हातारा थट्टा करतोय असे त्याला वाटले असावे. नातवाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा चिठ्ठीकडे, आणि मग काचेला नाक लावून तो एकाच्या अंगावरचे पट्टे मोजू लागला. एकदा बारावर थांबला, एकदा चौदावर. मासा काही केल्या स्थिर राहत नव्हता.